कोबा

आधी ब्लेडनं रंगावर जाळी कापायची,
सहा रेघा उभ्या, सहा आडव्या,
वर चिकटपट्टी दाबायची अंगठ्यानं, नीट,
आणि एका झटक्यात ओढायची.
पट्टीला रंग आला
तर जुन्यावर नवा चढवायचा नाही.
सावंतवाडीच्या दुकानातल्या पोरानं एवढं सांगून
डबे हातात दिले, मोठा अ, छोटा ब.
मिसळलेत की पाऊण तास. मग दगड.

माझ्या पट्टीला अख्खी जाळीच आली.
वर हिरवा, हिरव्याच्या पाठीला तांबडा,
तांबड्याच्या पाठीला एक राखाडी,
जो मला आठवतच नव्हता.

तर सोलतेय.
तीन दिवस ग्राइंडर, तोंडाला आईच्या साडीचा तुकडा,
आणि ती भुकटी, सुरण चिरल्यासारखी
कोपरापर्यंत खाजते.
रिक्षा घेऊन आलेला सायलू गवंडे दारातूनच,
‘‘कोबो सोलतंस कित्याक गो? शिजवूक?’’
त्याचा क्लच सोमवारी, म्हटलं. गॅरेज बंद.

मधला डाग जात नाही.
तो बाबांच्या आकाराचा आहे असं म्हणता आलं असतं,
तीस वर्षं ते तिथंच पाठीवर झोपत.
पण तो थाळीएवढा आहे, गोल,
गिअरबॉक्सखाली असतो तसा.
सोडा टाकला, लाकडाचा भुसा टाकला,
शेवटी अ‍ॅसिड. सगळीकडे फेस आला,
कोबा उघडा झाल्याची खूण,
थाळीवर मात्र काही नाही,
पाणी अळवावर ओतल्यासारखं घरंगळलं.
पुन्हा सोडा.
पाचव्यांदा त्यानं चार बुडबुडे सोडले,
उपकार केल्यासारखे.

मग प्लास्टिक. हातभर चौकोन,
चारी कडांना पट्टी, रात्रभर ठेवायचा.
खालून ओल येतेय का बघायला.
‘‘येतली,’’ आई म्हणाली.
‘‘त्या बस्त्यावान खारी रेती घातल्यान.
मी तेव्हाच सांगलेलंय.’’
आरोंद्याच्या खाडीची रेती, न धुतलेली,
म्हणून रंग सुटतो, म्हणून पत्रा गंजतो,
म्हणून बाबांची कंबर, असंही एकदा निघालं होतं.
बस्त्याव दर रविवारी मिस्सा आटपून येतो,
बाहेरच्या टायरवर बसतो.
आई त्याला चहा देते. बिस्कीट देत नाही.

सकाळी प्लास्टिकच्या पोटाला थेंब.
मोठे, जवळजवळ, माशांच्या अंड्यांसारखे.
एक बोटावर घेतला, चाखला.
खारट नव्हता.
वाफेचं पाणी, त्यात मीठ कुठून येणार,
मीठ खालीच राहणार, मिठागरात राहतं तसं,
एवढं शाळेत शिकलेय.
तरी ओरडून सांगितलं, ‘‘आये, गोडा पाणी आसा!’’
चुलीकडून बराच वेळ काही नाही.
मग, ‘‘आणि मीठ खंय गेला?’’

रविवारी तो आला.
टायरवर बसला, कप हातात, आणि आत बघत राहिला.
उठला. चपला काढल्या.
गेल्या तीस वर्षांत त्यानं हा कोबा उघडा पाहिला नव्हता,
ओला असतानाच बाबांनी राखाडी फासला असेल, घाईत.
भिंतीलगत वाकून त्यानं हात फिरवला,
तिथं थापीच्या कमानी होत्या, एकात एक,
मी त्या ग्राइंडरच्याच समजत होते.

‘‘ढाळ बघ,’’ म्हणाला,
आणि कपातला उरलेला चहा खाली ओतला.
चहा निघाला दाराकडे, सरळ,
कुणी बोलावल्यासारखा,
थाळीला वळसा घालून
अर्ध्या वाटेत बारीक झाला, मग नाहीच.
कोबा पिऊन गेला.

म्हणजे घासणं जमलं होतं.
आणि त्यावर आता एक लांब तपकिरी रेघ.
आई उंबऱ्यात उभी होती, हात पुसत,
रेघेकडे बघत की त्याच्या पायांकडे, कळलं नाही.

डबे फळीवर आहेत, झाकणं घट्ट.
हा मार्गशीर्ष. ओल उतरायला शिमगा उजाडेल.
रेघ काढायला तोवर वेळ आहे.